मलिक अंबर : पाणी, धारा आणि रयत



मस्तगडावरून आपण सारेच जा-ये करतो. निजाम-उल-मुल्क असफजाह याच्या हुकुमावरून काबीलखानाने १७२५ साली ही गढी बांधली आणि तिच्या पोटात दालने व सज्जे असलेली एक मोठी विहीर आहे, एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु आज ज्या पुरुषाची हकीगत मी आपणापुढे ठेवणार आहे, तो ही गढी उभी राहण्याच्या ९९ वर्षे अगोदर वारला. आपल्या या मुलुखातली जमीन, पाणी आणि सारा यांची घडी बसवणारा तो माणूस म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर.

त्याच्याविषयी लिहावेसे वाटले याला कारण आहे. समाजाच्या आर्थिक उन्नतीवर आपल्याकडे सभा पुष्कळ होतात. कोणी म्हणतो नोकऱ्या हव्यात, कोणी म्हणतो धंद्याला भांडवल हवे, कोणी सरकारी योजनांची यादी वाचून दाखवतो. त्यातच एखादे मौलवीसाहेब इस्लामी अर्थव्यवस्थेचे नाव काढतात, आणि व्याज निषिद्ध आहे या एका वाक्यावर विषय संपतो. व्याज निषिद्ध आहेच. पण ज्या शेतकऱ्याला किंवा कारागिराला व्याजाने पैसे घेण्याची पाळी येते, ती पाळी मुळात का येते, आणि ती येऊ नये म्हणून काय करता येते, याचा विचार त्या सभांत क्वचितच होतो. मलिक अंबरने तो विचार राज्यकारभारात करून दाखवला, असे माझे मत आहे. आपण हकीगत वाचा आणि मग आपले मत ठरवा.

त्याचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. दारिद्र्यापायी आईबापांनीच विकले, असेही सांगतात. येमेनमधील मोखा बंदराच्या बाजारात त्याची विक्री झाली. पुढे त्याला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक याने ती किंमत नोंदवून ठेवली आहे. हात बदलत बदलत तो बगदादच्या मीर कासिमकडे आला. या धन्याने पोराची हुशारी ओळखून त्याला लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवला, आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा तो काळसर सुगंधी पदार्थ. नाव ठेवणाऱ्याच्या मनात रंग होता की सुगंध, कोण जाणे. विद्यार्थी मित्रहो, पुढे वजीर झालेल्या या माणसाचे भांडवल काय होते, तर बगदादेत मिळालेले अक्षर आणि हिशेब. त्या वयात त्याच्या अंगावरचा कपडासुद्धा त्याच्या मालकीचा नव्हता.

१५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशी आणि एके काळचा गुलामच होता. दख्खनमध्ये त्या काळी असे होऊ शकत होते. चंगीझखान थोड्याच वर्षांत वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचा पैसा खर्च करण्याचे जे आठ मार्ग सांगितले आहेत, त्यांपैकी एक गुलामांच्या मुक्ततेचा आहे, हे आपणास माहीत असेलच. या बाईने जकातीतून केले की केवळ पुण्य म्हणून केले, हा प्रश्न वेगळा. एका माणसाला बाजारातून बाहेर काढले, आणि त्या माणसाने पुढे लाखो रयतेची व्यवस्था लावली.

मुक्त झाल्यावर त्याने विजापूरकडे चाकरी केली, मलिक हा किताब मिळवला आणि १५९५ च्या सुमारास लहानशी तुकडी घेऊन परत निजामशाहीत आला. १६०० साली चांदबीबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही बुडाली असे सर्वांनी धरले. अंबरने परांड्याला राजघराण्यातला एक तरुण गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि राज्य चालू ठेवले. तेथून मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना त्याने दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग, की अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही.

लढायांचे वर्णन मी करणार नाही. ती आपण क्रमिक पुस्तकांत वाचता. फक्त दोन सांगतो. १६१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या रोषणगावापाशी शाहनवाजखानाने अंबरचा मोठा पराभव केला. सिंदखेडचे लखुजी जाधवराव त्या वेळी त्याला सोडून मोगलांकडे गेले होते. विजयी फौज पुढे जाऊन अंबरची राजधानी खडकी जाळून परतली. दुसरी लढाई १६२४ ची, अहमदनगरजवळच्या भातवडीची. तेथे त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या तळाची दलदल केली आणि दोघांनाही हरवले. शहाजीराजे भोसले त्या लढाईत त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे त्याचा धारा.

अंबरपूर्वी बहुतेक ठिकाणी साऱ्याची वसुली मक्त्याने चाले. एखाद्या परगण्याचा मक्ता जो जास्त रक्कम बोलेल त्याला मिळे. सरकारला आगाऊ रक्कम मिळाली की पुढे तो मक्तेदार कुळांना कसा पिळतो याची चौकशी कोणी करीत नसे. अंबरने हा मक्ता बंद केला. १६१४ च्या सुमारास त्याने गावोगाव जमिनीची पाहणी करवली, तिची प्रत ठरवली आणि पिकाचा अंदाज काढला. वसुलीचे काम स्थानिक ब्राह्मण कामगारांकडे ठेवले आणि त्यांच्यावर देखरेखीला मुसलमान अधिकारी नेमले. पाटील-कुलकर्ण्यांचे वंशपरंपरेचे हक्क पुन्हा उभे केले. शेतकऱ्याचा जमिनीवरचा मिरासी हक्क मान्य केला, म्हणजे बांधबंदिस्ती केली, विहीर खणली, तर त्याचा लाभ आपल्याच मुलांना मिळेल अशी त्याला खात्री राहिली. प्रारंभी सारा धान्यात, पिकाच्या पाच वाट्यांपैकी दोन वाटे असा होता. पुढे त्याची रोख रक्कम केली, ती साधारणपणे उत्पन्नाच्या एक-तृतीयांश किमतीइतकी असे.

यात सर्वांत महत्त्वाची बाब कोणती? अकबराचा दिवाण तोडरमल याने १५८० मध्ये दहा वर्षांची सरासरी काढून रोख दर ठरवण्याची पद्धत सुरू केली. ती पद्धतही मोठ्या अकलेची होती. पण अंबरचा धारा त्या त्या वर्षाच्या पिकाप्रमाणे कमी-जास्त होई. आपल्यासारख्या अवर्षणाच्या प्रदेशात या फरकाला फार किंमत आहे.

विद्यार्थ्यांनी पाटी घ्यावी आणि हिशेब करावा. एका शेतकऱ्याला चांगल्या साली १० खंडी ज्वारी झाली. पाचांत दोन याप्रमाणे ४ खंडी सरकारात गेली, ६ खंडी घरी राहिली. पुढच्या साली पाऊस गेला आणि ३ खंडीच पिकली. अंबरच्या धाऱ्याने १ खंडी ४ मण सरकारात जाईल आणि १ खंडी १६ मण घरात राहील. पोट अर्धे राहील, पण बी-बियाण्यापुरते तरी शिल्लक असेल. आता समजा सारा दरसाल ४ खंडी असा कायम ठरलेला आहे. तीन खंडी पिकली ती सगळी गेली, आणि वर एका खंडीची बाकी राहिली. ही बाकी तो कोठून भरणार? सावकाराकडून. म्हणजे सावकाराच्या ओट्यापर्यंतची वाट ठरीव साऱ्यानेच त्याला दाखवून दिली.

हे केवळ पाटीवरचे गणित नव्हे. इंग्रजांच्या रयतवारीत सारा तीस-तीस वर्षांसाठी रोखीत कायम केला होता. पुणे-नगर भागातला शेतकरी त्यापायी सावकाराच्या वहीत इतका अडकला, की मे १८७५ मध्ये सुपे गावी दंगा सुरू झाला आणि तो गावोगाव पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून त्यांनी जाळले. पुढे पुढे तर आपला मराठवाडा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ओळखला जाऊ लागला. बंधूंनो, व्याज घेऊ नये, देऊ नये असे आपण मुलांना शिकवतो. ते योग्यच आहे. पण ज्याच्या अंगावर पावसाचा सगळा जुगार एकट्यानेच घ्यायची वेळ येते, त्याला नुसता उपदेश पुरत नाही.

इस्लामी अर्थशास्त्रात याच ठिकाणी भागीदारीचा विचार येतो. नफ्यात वाटा हवा तर तोट्यातही वाटा घ्या, हे त्याचे सूत्र. हजरत पैगंबर (स.) यांनी खैबरच्या बागा तेथील यहुदी रहिवाशांकडेच कसायला ठेवल्या, त्या निम्म्या उत्पन्नाच्या वाट्याने. खजुराचा अंदाज करायला अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) जात असत. एकदा लोकांनी त्यांना दागिने देऊ केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. आपण करू त्या वाटणीतला कोणताही निम्मा भाग तुम्ही उचला, अशी मुभा त्यांनी समोरच्यांना दिली. पिकाचा अंदाज करणारा माणूस कसा असावा याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वाट्याची पद्धत कितीही न्याय्य असली तरी पाहणी करणारा लाचखाऊ निघाला की ती मक्त्याहून वाईट ठरते.

फिक्हच्या ग्रंथांत साऱ्याचे, म्हणजे खराजचे, दोन प्रकार सांगितले आहेत. जमिनीवर कायम रक्कम असेल तर खराज-ए-वजीफा, आणि पिकाचा वाटा असेल तर खराज-ए-मुकासमा. इमाम अबू हनीफा यांचे शिष्य आणि बगदादचे मुख्य काझी इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून-अल-रशीद याच्यासाठी खराजवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी ठरीव रकमेऐवजी वाट्याची पद्धत सुचवली आणि वसुली मक्त्याने देण्याला कडाडून विरोध केला. कारण मक्तेदाराला जमिनीच्या भवितव्याशी काही देणे-घेणे नसते. वाहत्या पाण्यावरच्या गहू-जवासाठी त्यांनी सुचवलेला दर पाचांत दोन आहे. ज्याला मोट किंवा रहाटाने पाणी उपसावे लागते त्याच्यासाठी तो पाचांत दीड आहे, कारण त्याचे कष्ट जास्त. उश्रचा नियमही असाच: पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा, पाणी ओढून भिजवलेल्या पिकाला विसावा.

मलिक अंबरने इमाम अबू यूसुफ यांचा ग्रंथ समोर ठेवून धारा बसवला, असा दावा मी करणार नाही. पण वाटा पाचांत दोनच, मक्ता बंद, आणि पिकाप्रमाणे कमी-जास्त या तीनही गोष्टी जुळतात. ज्या बगदादेत इमामांनी न्यायदान केले, त्याच बगदादेत आठशे वर्षांनी हा पोरगा हिशेब शिकला होता. योगायोग म्हणा हवा तर.

आता पाण्याकडे वळू. १६१० मध्ये अंबरने खडकी या लहान गावी नवे शहर वसवायला घेतले. हेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नदी बारमाही नाही, खडकाळ जमीन, आणि तेथे हजारो माणसांची वस्ती करायची. उत्तरेच्या डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बंदिस्त नहरीने शहरात आणण्याची कल्पना त्याने काढली, तेव्हा दरबारात हसे झाले म्हणतात. पण नहर झाली. मैलोगणती भुयारी पाट, मध्ये मध्ये उतरून साफसफाई करता यावी म्हणून मनुष्य-छिद्रे, आणि दाब व हवा यांची सोय करणारे उंच मनोरे. पंप नाही, इंधन नाही. केवळ उताराच्या अचूक मापावर पाणी शहराच्या हौदांत येई आणि ते सर्वांना खुले होते. नहर-ए-अंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. पुढे त्याच धर्तीवर दुसऱ्या नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीवर चाले आणि तेथे फकीर व मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई.

आपल्या जालन्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. अंबरच्या काळातला येथील कारभारी म्हणून जमशेदखानाचे नाव सांगितले जाते. काळी मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई, गावाच्या पश्चिमेचा मोती तलाव आणि तेथून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणणारे जमिनीखालचे नळ, ही सारी कामे त्याच्या नावावर आहेत. यांची सांगड कशी आहे ते पाहा. पाणी आले म्हणून सराई चालली. सराई चालली म्हणून व्यापारी आणि त्यांचे बैल मुक्कामाला थांबले. ते थांबले म्हणून विणकर, तेली, भटियारे, नालबंद यांना गिऱ्हाईक मिळाले. हे गिऱ्हाईक कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे हौदाने कधी विचारले नाही. मशीद बांधली आणि काम संपले, असे त्या माणसांनी मानले नव्हते. आपण मात्र आज मशिदीला मिनार किती उंच असावा यावर वर्षभर वर्गणी गोळा करतो. हे कोणाला लागले तर माफी असावी, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

वक्फची कल्पना हीच आहे. मूळ मालमत्ता विकायची नाही, दान द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. तिचे उत्पन्न मात्र लोकांसाठी वाहत ठेवायचे. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची आपली जमीन अशी दिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतील रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांना मोकळी केली, त्याआधी तिचे पाणी पैसे मोजून घ्यावे लागे. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाची कचेरी त्या पाणचक्कीच्याच आवारात आहे. तेथील दप्तरात आपल्या जिल्ह्यातील ज्या जमिनींची नावे आहेत, त्यांचे उत्पन्न कोणाच्या घरी वाहते आहे, हा प्रश्न पालकांनी आपापल्या गावात जरूर विचारावा.

वाहते पाणी राखावे लागते. नहर-ए-अंबरीचा बराच भाग बांधकामांनी फोडला, गाळाने बुजला. जालन्यात २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यासाठी काय दैना झाली ती आपण भोगली आहे. त्याच सुमारास नागरिकांनी पुढाकार घेऊन निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी तलावातला गाळ उपसायला घेतला आणि शेतकऱ्यांनी तो गाळ शेतात नेला. तलावात पाणी वाढले आणि शेतातली माती सुधारली. हे काम करणाऱ्यांनी खराजवरचा ग्रंथ वाचला नव्हता, पण त्यांनी केले ते त्यातलेच. कालवे आणि पाट दुरुस्त ठेवण्याचा खर्च सरकारी खजिन्यातून व्हावा, असे इमाम अबू यूसुफ यांनी खलिफाला स्पष्ट बजावले आहे.

अंबरला मी साधुपुरुष म्हणून रंगवीत नाही. ज्याला त्याने गादीवर बसवले त्या जावयालाच पुढे विषप्रयोग झाला, आणि त्याचा आळ इतिहासकार अंबरवर ठेवतात. प्रतिस्पर्धी राजू दखनी याचा त्याने काटा काढला. त्याचा गनिमी कावा शत्रूची रसद तोडण्यावर उभा होता, आणि रसद म्हणजे शेवटी कोणाच्या तरी शेतातले धान्य. ज्या रयतेला धाऱ्यात सूट मिळाली, तिच्याच रानातून फौजा दौडत होत्या. तरीही व्हान डेन ब्रुक १६१७ मध्ये त्याला भेटला तेव्हा त्याला या राज्यात कडक न्याय आणि निर्धास्त रस्ते दिसले. सोने घेऊन प्रवास करता येई, असे तो नोंदवतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठे भांडवल दुसरे नाही.

भांडवलावरून आठवले. हैदराबाद संस्थानात, ज्यात १९४८ पर्यंत आपले जालना होते, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिनव्याजी कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था निघाल्या होत्या. हैदराबादचे विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. सभासदांनी थोडी थोडी रक्कम जमा करायची आणि त्यातूनच गरजूला कर्ज द्यायचे, असा तो व्यवहार. आपल्या महिला भगिनी भिशी चालवतात, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. या विषयावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. येथे तो विस्तार नको.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. वय ७८ च्या आसपास होते. खुलताबादला हजरत जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे आणि पलीकडे बीबी करीमा या त्याच्या पत्नीची. जहांगीरच्या दरबारी इतिहासकाराने, ज्याला शत्रूची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची बरोबरी करणारा दुसरा हबशी गुलाम इतिहासात नाही अशा अर्थाचे लिहून ठेवले. मुलगा फत्तेखान याला बापाचे काही जमले नाही. १६३० ते १६३२ मध्ये दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला, गावेच्या गावे ओस पडली, आणि १६३३ मध्ये फत्तेखानाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला.

राज्य गेले, पण धारा गेला नाही. अंबरच्या हाताखाली तयार झालेल्या शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी ओसाड गावे पुन्हा वसवली, तेव्हा साऱ्याची बसवणी मलिक अंबरच्याच पद्धतीने केली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांनी काठीने मोजून जमिनीची नवी पाहणी केली, त्या वेळीही सरकारचा वाटा पाचांत दोन असाच ठरला.